दुसरं कुत्रं कधी आणायचं?

“एक कुत्रं गेल्यावर दुसरं किती दिवसांनी आणावं?” गोव्यात माझ्याकडे समुपदेशनाला फोंडा, डिचोली, म्हापसा, माणसं कुठूनही येवोत, हे विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. कुत्र्यासाठी रडतो हे सांगायची लाज, आणि दुसरं आणावंसं वाटतं याची त्याहून जास्त लाज. मी आकडा सांगत नाही. का, ते सुलभाताईंच्या निमित्तानं सांगते (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत).

मुलगा पुण्याला, घरात दोघंच. म्हातारा कुत्रा बंड्या मूत्रपिंडाच्या आजारानं गेला आणि महिनाही झाला नसेल, यजमानांनी पिल्लू आणलं. तोच तांबूस रंग, आणि नावही तेच. पिल्लू मादी होतं, तरी बंड्याच! सुलभाताई त्याला वेळेवर जेवण घालायच्या, हात मात्र लावायच्या नाहीत.

“त्याच्यावरची माती सुकली नाही, मॅडम, आणि ह्यांनी त्याचं नावसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकलं.”

“पिल्लाचा राग येतो?”

“त्या मुक्या जिवाचा कशाला? मला ह्यांचा राग येतो. ह्यांना काही वाटतच नाही.”

यजमान दर वेळी त्यांना सोडायला येत आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसत. एकदा मी त्यांना आत बोलावलं. दुःख एकट्याचं म्हणून समोर येतं, पण बहुतेकदा ते सगळ्या घराचं असतं, असं मी मानते. म्हणून एकालाच घेऊन फार काळ बसत नाही.

“काका, पिल्लू कुणासाठी आणलंत?”

“हिच्यासाठी. हिचं रडणं बघवेना.”

“त्या रडल्या नसत्या, तर आणलं असतंत?”

ते बराच वेळ गप्प होते. असा गप्पपणा मी भरून काढत नाही, तेवढा धीर ह्या कामानं मला दिला आहे. मग म्हणाले, “संध्याकाळी मी सोप्यावर, पुढच्या ओसरीत, बसायचो. तो पायावर मान टाकून पडायचा. आता सहा वाजले की मी उठून बाजारात जातो. काही घ्यायचं नसतं. घरात पाय ठरत नाही.”

सुलभाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “मला वाटायचं, पत्ते खेळायला जाता.”

इतक्या वर्षांचा संसार, आणि एकाच कुत्र्यासाठी दोघं दोन ठिकाणी झुरत होती. यजमानांना रिकामा सोपा सहन होत नव्हता, सुलभाताईंना तो भरलेला सहन होत नव्हता. ‘फार लवकर आणलं का?’ ह्या प्रश्नाखाली मला बरेचदा हेच सापडतं: घरातल्या दोघांचा सावरण्याचा वेग वेगळा, आणि त्या फरकाचा अर्थ ‘ह्याला प्रेमच नव्हतं’ असा लावलेला.

वेग तर एकाच माणसाचाही बदलतो. शोक म्हणजे गेलेल्यापासून मन हळूहळू सोडवून घेणं, अशी मांडणी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1917 मध्ये केली. त्यांची पहिली चाऊ जातीची कुत्री 1929 मध्ये रेल्वेखाली सापडून मेली, तेव्हा दुसरी घ्यायला त्यांनी काही महिने घेतले. पण 1937 च्या जानेवारीत ती दुसरी, लाडकी जोफी गेली, तेव्हा ऐंशीतल्या फ्रॉइडनी जवळजवळ लगेच लून नावाची कुत्री घरात आणली. मन सोडवून घ्यायची त्यांनी वाट पाहिली नाही. मलाही ते मन सोडवून घेणं पटत नाही. गेलेल्याशी असलेलं नातं राहू द्यावं, नव्याशी दुसरं जोडावं.

म्हणून पुढच्या भेटीत मी सुलभाताईंना बंड्याला विसरा म्हटलं नाही. उलट विचारलं, “बंड्यानं कधीच केलं नाही असं ही काय करते?”

त्या आधी ‘काही नाही’ म्हणाल्या. मग त्यांना एकदम हसू फुटलं. “दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री बंड्या पलंगाखालून बाहेर यायचा नाही. ही भवानी पोरांनी उभा केलेला नरकासुराचा पुतळा बघून त्याच्यावरच भुंकत सुटली. आणि पदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याला हलत नाही, पाव आवडत नाही हिला. नारळ खवायला बसले की मात्र समोर हजर.” यजमानांकडे वळून म्हणाल्या, “आणि आता बंड्या म्हणू नका हिला. चिंगी म्हणा.”

तो प्रश्न सुचला याचं मला अजून बरं वाटतं.

तेव्हा तारीख बघू नका, स्वतःला एवढंच विचारा: मला कुत्रं हवंय, की तेच कुत्रं परत हवंय? तेच हवं असेल तर थांबा. तसाच रंग, तेच नाव, तीच झोपायची जागा, असं केलंत तर नव्याला रोज तुलनेत नापास व्हावं लागेल. घरात लहान मूल असेल तर गुपचूप बदली करू नका. कुत्रं मेलं, असं साध्या शब्दांत सांगा आणि त्याला रडू द्या. झोप, जेवण बरेच दिवस तुटलं असेल किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर पिल्लू हे त्यावरचं औषध नव्हे. आधी डॉक्टरांकडे जा.

थांबण्याची काही कारणं मनाबाहेरचीही असतात. पहिलं कुत्रं पार्व्होनं, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या साथीच्या रोगानं, गेलं असेल तर त्याचा विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. तिथे लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये, लसीकरण झालेलं मोठं कुत्रं बरं. गोचीड तापानं गेलं असेल तर आधी घर साफ करून घ्या, कारण चिऱ्यांच्या भिंतीच्या फटींत गोचिड्या लपून राहतात. आणि साठीपुढच्यांनी एक हिशेब घालावा. गावठी कुत्रं बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. आपल्यामागे त्याला कोण नेईल, हे मुलाला किंवा शेजाऱ्याला फोन करून आधी ठरवा. सुलभाताईंच्या मुलानं पुण्याच्या फ्लॅटमध्ये चिंगीला न्यायला साफ नकार दिला. शेजारच्या काकींनी होकार दिला, पण तिला आपल्या मांजरापासून लांब ठेवायच्या अटीवर.