वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनाफोरा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : व्याकरणात 'अ‍ॅनाफोरा' म्हणजे मागच्या नामाकडे नेणारा शब्द, अलंकारांत ओळीच्या तोंडची पुनरुक्ती, आणि आमच्या ओळखीचे एक ख्रिस्ती गृहस्थ म्हणतात, ती चर्चमधली प्रार्थना. खरं कोणतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : तिन्ही. ग्रीकमध्ये 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणं. 'अना' म्हणजे वर, किंवा माघारी. आपलं 'वाहणं' असंच आहे : ओझं वाहतो, देवाला फूलही वाहतो. चर्चने 'वर' घेतलं, व्याकरणाने 'माघारी'.

चर्चमधला अ‍ॅनाफोरा म्हणजे भाकर आणि द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना; आपल्याकडे ज्याला प्रभुभोजन म्हणतात, त्याचा गाभा. 'अंतःकरणे वर करा' या संवादाने सुरुवात, मग उपकारस्तुती, 'पवित्र, पवित्र, पवित्र', शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द, त्याच्या मरणाचं आणि पुनरुत्थानाचं स्मरण, पवित्र आत्म्याला आवाहन, इतरांसाठी विनंत्या आणि शेवटी सगळ्यांचं 'आमेन'. क्रम मात्र सगळीकडे हा नसतो. कॅथलिकांच्या १९७० च्या मिस्साग्रंथात, म्हणजे उपासनेच्या प्रार्थनापुस्तकात, आलेल्या नव्या प्रार्थनांत आवाहन दोनदा येतं : येशूच्या शब्दांआधी भाकर-द्राक्षारसावर, नंतर लोकांवर. पूर्वेकडच्या 'अद्दै आणि मारी' या प्राचीन प्रार्थनेच्या जुन्या पाठात तर ते शब्द सलग येतच नाहीत. तरी २००१ मध्ये रोमने ती वैध मानली.

अलंकाराचं थोडक्यात. वरचं 'पवित्र' तीनदा आलं, तरी तो अ‍ॅनाफोरा नव्हे. तिथे शब्द लागोपाठ येतो, ओळीओळीच्या तोंडी नाही. गोंधळी 'औंधच्या यमाई, गोंधळाला ये, तुळजापूरच्या भवानी, गोंधळाला ये' अशी हाक घालतो, ती अ‍ॅनाफोराच्या अगदी उलट : पुनरुक्ती शेपटाला. तिला एपिफोरा म्हणतात.

खरी गोची व्याकरणात. 'पाटलांनी शिंद्यांना आपली पोती दाखवली' : पोती पाटलांची, कारण 'आपली' कर्त्याकडे जातं. 'त्यांची पोती दाखवली' म्हटलं, की ती शिंद्यांची किंवा तिसऱ्याच कुणाची. इथवर सरळ. आता 'पाटलांनी शिंद्यांना आपली हळद सौद्याला न्यायला सांगितली' घ्या. सांगणारे पाटील, नेणारे शिंदे. कर्ते दोन झाले आणि 'आपली' दोघांकडेही जाऊ शकतं. शिवाय 'आपली' म्हणजे 'तुमची-आमची' हा अर्थ आहेच. 'स्वतःची' घातल्याने तिसरा अर्थ गळतो, पहिले दोन राहतात. पावतीत किंवा तक्रारअर्जात असं वाक्य आलं, तर सर्वनाम काढा आणि सरळ 'शिंद्यांची हळद' लिहा. नाव दोनदा आलं तर येऊ द्या.