हायब्रिडोमाला हात घालण्याआधी

आधी हे ठरव की अँटीबॉडी (ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारं प्रोटीन) कशाला हवीये. नुसता वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यात एखादं प्रोटीन आहे का ते बघायची चाचणी) करायचा असेल तर सशाची पॉलिक्लोनल, म्हणजे वेगवेगळ्या अँटीबॉडींचं मिश्रण, पुरते, सर्पदंशावरचं औषध तर आपल्याकडे अजूनही घोड्याच्या रक्तातूनच काढतात. पण तीच एक अँटीबॉडी वर्षानुवर्षं लागणार असेल तर हायब्रिडोमा, कोलर आणि मिलस्टाइननी १९७५ला दाखवलेला, म्हणजे उंदराच्या प्लीहेतल्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी नि मायलोमा (न थांबता वाढणाऱ्या कॅन्सरपेशी) जोडायच्या, मग हॅट मिडियम (जुळलेल्या पेशीच टिकू देणारं द्रव), त्यात न जुळलेला मायलोमा मरतो आणि सुट्या बी पेशी तशाही थोड्या दिवसांत आपोआप संपतात. खरी मेहनत पुढेच आहे. वेलमधलं (प्लेटेतल्या खळग्यातलं) मिडियम पिवळट पडायला लागलं की एलायझा (हवी ती अँटीबॉडी आहे का ते बघायची चाचणी) लाव, पॉझिटिव्ह आलेलं लगेच थोडं फ्रीझ कर आणि मग सबक्लोनिंग (एकेक पेशी वेगळी करून वाढवणं), कारण हे क्लोन अँटीबॉडी बनवणं कधी बंद करतील नेम नाही (अँटीबॉडीचा सीक्वेन्स, म्हणजे जनुकीय क्रम, काढून ठेवलास तर उत्तमच). अँटिजेन (ज्याच्याविरुद्ध अँटीबॉडी हवी तो रेणू) विषारी असेल किंवा उंदराच्या स्वतःच्या प्रोटीनसारखंच असेल तर उंदराच्या मागे लागूच नकोस, सरळ फाज डिस्प्ले (जिवाणूंच्या विषाणूंवर अँटीबॉडीचे तुकडे लावून हवा तो निवडायची पद्धत) बघ, संधिवातावरचं ॲडालिमुमॅब त्यातूनच आलंय. आणि हो, स्क्रीनिंगची एलायझा फ्यूजनच्या (पेशी जोडायच्या) आधीच बसवून ठेव, प्लेटा भरल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.