'आगिर्रे'मध्ये इतिहास किती?

व्हेर्नर हेरत्सोग यांचा १९७२ चा 'आगिर्रे, द रॉथ ऑफ गॉड' हा चित्रपट सत्यकथा आहे का, आणि सुरुवातीच्या पाटीवर जिचा उल्लेख येतो ती पाद्र्याची रोजनिशी खरी आहे का, असे आपण विचारले आहे. माणसे खरी आहेत. मोहीम मात्र दोन वेगळ्या मोहिमा सांधून रचलेली आहे.

स्पॅनिश सेनानी गोन्सालो पिसारो एल दोरादो या दंतकथेतल्या सुवर्णभूमीच्या शोधात निघाला तो १५४१ मध्ये. त्याच्यापासून वेगळा झालेला त्याचा साथीदार ओरेयाना ॲमेझॉनमार्गे १५४२ मध्ये समुद्रापर्यंत पोहोचला आणि चित्रपटातील रोजनिशी ज्याच्या नावावर आहे त्या पाद्री कार्वाखालने वृत्तान्त लिहिला तो त्या प्रवासाचा. पिसारोला १५४८ मध्येच देहदंड झाला होता. चित्रपटात तो १५६० च्या अखेरीस सैन्य घेऊन अँडीज उतरताना दिसतो. चित्रपटाचा नायक लोपे दे आगिर्रे होता उर्सुआ या स्पॅनिश सरदाराच्या १५६० च्या मोहिमेत, जिच्याशी कार्वाखालचा काहीही संबंध नव्हता. त्यामुळे चित्रपटातील रोजनिशी कल्पितच मानावी लागते.

तरीही बंडाचा गाभा हेरत्सोग यांनी अचूक पकडला आहे, असे माझे ठाम मत आहे. उर्सुआचा खून करून मोहिमेतल्याच गुस्मान या सरदाराला राजपद देणे आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची सत्ता झुगारणे हे प्रत्यक्षात घडले होते. पडद्यावर राजाला पदच्युत करणारा जाहीरनामा गंभीरपणे वाचला जातो आणि उपाशी माणसांचा हा नवा सम्राट दोन्ही काठांवरची जमीन आपली मानू लागतो. पुढे बिथरलेल्या घोड्याला तो तराफ्यावरून नदीत ढकलायला लावतो. आठवडाभराचे मांस गेले म्हणून माणसे कुरकुरतात, घोडा काठावर चढून झाडीत निश्चल उभा राहतो आणि तराफा पुढे वाहत जातो. भूक आणि सत्तेचा भ्रम एकाच प्रसंगात इतक्या स्पष्टपणे मांडलेले मी क्वचितच पाहिले आहे.

शेवट मात्र इतिहासाला सोडून आहे. चित्रपटात आगिर्रेची मुलगी बाणाने मरते आणि आगिर्रे माकडांनी भरलेल्या तराफ्यावर एकटा उरतो. खरा आगिर्रे जंगलातून जिवंत बाहेर पडला, त्याने १५६१ मध्ये मार्गारिता बेट बळकावले, फिलिपला उघड बंडाचे पत्र लिहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आजच्या व्हेनेझुएलातील बार्किसिमेतो येथे वेढला गेल्यावर, स्वतःच्या मुलीला ठार केले. त्यानंतर त्याच्याच माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. आपल्याला इतिहास वाचायचा असेल, तर ते पत्र आणि त्या मोहिमेतून वाचलेल्या शिपायांचे वृत्तान्त यांपासून सुरुवात करावी.