बाससाठी पहिला रॉड घेताना

टेक्सासच्या तलावांत लार्जमाउथ बास हा मासा धरण्यासाठी शंभरेक डॉलरांत एकच रॉड (गळाची काठी) घ्यायचा असेल, तर तो सात फुटी, मीडियम-हेवी (मध्यमाहून थोडा ताठ), फास्ट ॲक्शनचा (मुख्यतः टोकाकडे वाकणारा) आणि ग्रॅफाइटचा (कार्बन तंतूंचा) घ्यावा. फायबरग्लास चिवट खरा, पण जड असतो आणि तळाशी जिग (वजनदार डोक्याचा गळ) दगडाला घासते आहे की चिखलात रुतते आहे, हे हाताला नीट कळू देत नाही. ‘हाय मॉड्युलस’ (अधिक ताठ तंतूंचा) या रॉडवरच्या छापील शब्दांना मी फारसे महत्त्व देत नाही, कारण असा रॉड हलका असला तरी ठोकर लागल्यास लवकर मोडतो. दुकानात रीळ चढवून तोल पाहावा. टोक जड वाटले, तर तासाभरात मनगट भरून येते आणि बासची बारीक टकटक निसटते. उरलेल्या पैशांत ब्रेडेड (विणलेला) दोरा घ्यावा, कारण तो नायलॉनसारखा ताणला जात नाही.