प्रार्थना करूनही मी पुन्हा त्याच मोहात पडतो. मोह वेळीच कसा ओळखावा?

आधी हे पक्कं करा की मोह येणं म्हणजे पाप नव्हे. प्रभू येशूचीही परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला (इब्री 4:15). याकोब 1:14-15 मध्ये क्रम दिला आहे: वासना ओढते, भुलवते, मग तिच्यातून पाप जन्मतं. बहुतेक जण शेवटच्या पायरीवर जागे होतात, म्हणून प्रार्थनेला उशीर होतो. मनात "एकदाच" किंवा "कोणाला कळणार" सुरू झालं, की वाद न घालता ती जागा सोडा. मालकाच्या बायकोने वस्त्र धरून मोहात पाडायला पाहिलं, तेव्हा योसेफ ते तिथंच टाकून पळाला (उत्पत्ती 39).

पारख करताना, विचाराला वचनाचा आधार आहे एवढ्यावर विसंबू नका. अरण्यात येशूची तीनदा परीक्षा घेताना सैतानानेही स्तोत्र 91 मधलंच वचन पुढे केलं होतं! येशूने तिन्ही वेळा बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या वचनाने उत्तर दिलं. तेव्हा तुमच्या नेहमीच्या मोहासाठी दोन-तीन वचनं संदर्भासह आधीच पाठ हवीत.

रोज रात्री 10-15 मिनिटं दिवस तपासा: उपकारस्तुती, मग पाय कुठे घसरला, त्याआधी काय घडलं. थकवा, एकटेपणा, राग यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं.

पडलात तर आवाज ओळखा. पवित्र आत्मा नेमकं पाप दाखवून देवाकडे वळवतो. "तू सुधारणारच नाहीस" हा मोघम आरोप त्याचा नसतो.