चाकोरी सोडू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू जुनी फोर बाय फोर घेतलीस आणि येत्या शनिवारी लेक मीडच्या कडेला तंबू टाकणार आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. लास वेगासमध्ये वर्षानुवर्षं राहूनही हे हाकेवरचं वाळवंट न पाहिलेली आपली माणसं कितीतरी आहेत. नोव्हेंबर निवडलास हेही छान केलंस. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तिकडचं नावही काढू नये.

गाडी कशी काढायची हे तू चार फेऱ्यांत शिकशील. मला सांगायचंय ते तिथल्या जमिनीच्या पापडीबद्दल.

लेक मीड म्हणजे हूवर धरणाचा जलाशय. तो पूर्ण भरला की पाणी समुद्रसपाटीपासून 1220 फुटांच्या वर असतं. जुलै 2022 मध्ये ते सुमारे 1040 फुटांपर्यंत उतरलं होतं. खडकांवरचा पांढरा पट्टा दिसेल, तो त्या उतरलेल्या पाण्याचा. पाणी मागे सरलं तशी खालची गाळाची जमीन उघडी पडली. वरून ती वाळलेली, भेगाळलेली, अगदी टणक दिसते. मी एकदा तिच्यावर विसंबून गाडी थेट काठापर्यंत नेली. दुधाच्या सायीवर चमचा टेकवावा, तसं पुढचं उजवं चाक आवाज न करता आत गेलं. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर टेकली. चिखल फावड्याला धरून राहायचा, उपसलेला खड्डा बाजूनं पुन्हा भरायचा. दुपारभर खपलो. संध्याकाळी एक कुटुंब त्या वाटेनं आलं, म्हणून त्या रात्री घरी पोचलो.

तेव्हा काठ जवळ आला की गाडी उभी कर, उतर आणि पुढची पन्नास पावलं चालून बघ. टाच रुतली तर चाक रुतणारच. तंबू वर खडीच्या जागेवर टाक, पाण्यापर्यंत चालत जा. आणि चाक फिरूनही गाडी हलत नसेल, तर पाय लगेच काढ. पुढचं काम फावड्याचं आणि चाकाखाली घालायच्या फळ्यांचं. कुणी ओढायला आलं, तर दोर गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा जो लोखंडी गोळा असतो, त्याला कधीही अडकवू देऊ नकोस. तो गोळा तुटला की तोफेतून सुटल्यासारखा येतो, माणसं गेली आहेत त्यानं.

दुसरी पापडी तुला बुडवणार नाही, पण तिला तू मोडशील. झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत काळपट, खडबडीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी माती दिसेल. ती जिवंत आहे. त्यात सूक्ष्म जीव असतात, शेवाळ असतं आणि आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद असतात. वाऱ्यापावसात माती धरून ठेवते ती तीच. एका चाकाखाली तिचा चुरा होतो आणि पुन्हा धरायला कित्येक दशकं जातात. याच मोहावी वाळवंटात, कॅलिफोर्नियाच्या बाजूला, 1942 ते 1944 दरम्यान रणगाड्यांचा सराव चालायचा. त्यांचे माग आजही जमिनीवर दिसतात.

बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेली वाट म्हणजे चाकोरी. आम्हाला शाळेत चाकोरी मोडा म्हणून सांगायचे. इथे मात्र ती अजिबात सोडू नकोस. 'ऑफ-रोड' म्हणतात म्हणून कुठूनही गाडी घालायची मुभा नाही. लेक मीडचा परिसर सांभाळणाऱ्या नॅशनल पार्कवाल्यांनी मंजूर केलेल्या, नंबर दिलेल्या कच्च्या वाटांवरच जायचं. त्यांचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घे, तिथे रेंज नसते.

डांबर संपलं की टायरची हवा 35 पीएसआयवरून 20 पर्यंत उतरव. टायर पसरतो आणि वाळूत रुतायचा थांबतो. मग वेग आवरायचा, आणि परत डांबरावर येताना हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच.

कोरड्या ओढ्यात तंबू टाकू नकोस. वाळू मऊ, जागा सपाट, वारा अडलेला, मोह होणारच. पण पाऊस वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुझ्यापर्यंत येतो, तुझ्या डोक्यावर चांदणं असताना.

वेळ काढून सेंट थॉमसला जा. 1865 साली मॉर्मन लोकांनी वसवलेलं हे गाव 1938 मध्ये पाण्याखाली गेलं आणि जलाशय आटल्यावर पुन्हा वर आलं. घरांचे पाये, पायऱ्या, टाक्या एवढंच उरलंय. मला तिथे उभं राहिलं की उजनीचं पाणी उतरल्यावर दिसणारं पळसदेवचं देऊळ आठवतं आणि बराच वेळ बोलवत नाही.

सकाळी निघताना गाडीखाली वाकून बघ. वाळवंटी कासव सावलीला येऊन बसतं. 1990 पासून ते संरक्षित आहे. उचलू मात्र नकोस. घाबरलं की साठवलेलं पाणी मूत्रावाटे टाकून देतं, आणि मग कोरड्या दिवसांत त्याचा जीवही जाऊ शकतो. आपणहून निघून जाईपर्यंत बस, चहा कर.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, आणि वर एक दिवसाचं जास्तीचं. थंडीची जाड पांघरुणं घे, रात्री गारठतेस.

कोणत्या नंबरच्या वाटेनं जाणार आणि कधी परतणार, ते मला शुक्रवारीच लिहून पाठव. रविवारी रात्री आठपर्यंत तुझा फोन आला नाही, तर मी पार्कच्या रेंजरना कळवणार आहे. परतताना जवळच्या ओव्हरटन गावात रेंज आली की आधी तो फोन कर, बाकीचं सगळं मग सांग.

तुझा,
काका