वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमसाठी आधी काय घ्यावं: बारा बटणांचा माउस की गेमिंग कीपॅड?

आधी माउसच घ्या, कीपॅडचं (डाव्या हाताखाली ठेवायचा मोजक्या बटणांचा छोटा कीबोर्ड) नंतर बघू. वॉरक्राफ्टच्या मुख्य ॲक्शन बारमध्ये, म्हणजे पात्राची कौशल्यं ठेवायच्या स्क्रीनवरच्या पट्टीत, १२ खाने असतात आणि रेझर नागा किंवा कोर्सेअर सिमिटार या माउसच्या कडेला अंगठ्याखाली बटणंही १२च. खान्याला बटण असं थेट जुळतं. डावा हात मग फक्त चालण्या-पळण्यासाठी मोकळा राहतो, आणि त्यासाठी साधा कीबोर्ड भरपूर झाला. सुरुवातीला अंगठा चाचपडतो, पाचऐवजी आठ दाबला जातो. म्हणून पहिला आठवडा मधल्या चार-पाच बटणांवरच सवय करा. मात्र हात लहान असेल तर दुकानात माउस मुठीत धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. पुढच्या ओळीपर्यंत अंगठा पोचला पाहिजे. सिमिटारचं बटणांचं पॅनेल पुढे-मागे सरकवता येतं, तिथे तो सरस.